गोदाबाईंची भाकर

आमच्या आश्रमात पाय धुवून घेण्याआधी पाय धुवावे लागतात. हसू आलं तर खुशाल हसा, पण हे अक्षरशः खरं आहे. ईस्टरच्या आधीचा आठवडा आला की पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना नम्रतेची उबळ येते. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा आपणही कोणाचे तरी धुवायला हवेत, असं सगळ्यांना एकदमच वाटायला लागतं. आता घरच्या माणसांचे धुवावेत तर जुनी उणीदुणी निघतात. मंडळीत एकमेकांचे धुवावेत तर आधी बोलणं सुरू करावं लागतं. त्यापेक्षा आम्ही बरे. पुण्याबाहेरच्या मांजरी गावाच्या टोकाला, जिथे नवे टॉवर उसाच्या शेतांना गिळत चाललेत, तिथे आम्ही वीस-पंचवीस म्हातारी माणसं व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलेलीच असतो. आमचं कोणाशी भांडण नाही, आणि असलं तरी विचारतो कोण.

त्यातून पाहुण्यांना किळस येऊ नये म्हणून आमची आया चंपा सकाळीच साबण, वजरी आणि नेलकटर घेऊन फिरते. भेगा घासते, नखं कापते, वरून खोबरेल चोपडते. "बाई, आता पाय खाली टेकवू नका, मळतील," असं बजावून जाते. मग बस येते आणि ते लख्ख पाय पुन्हा धुतले जातात. ह्या वर्षी मंगळवारी एक मंडळी येऊन गेली, बुधवारी दुसरी. माझ्या डाव्या तळव्याला कुरूप आहे. मंगळवारच्या मुलीनं ते पाहिलं, डोळे मिटले आणि प्रार्थना करत करत फक्त टाच धुतली. बुधवारच्या मुलानं मोजा काढायलाच नको म्हटलं, वरूनच पाणी शिंपडलं. दिवसभर ओला मोजा वाळत घालत बसले.

माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे. जन्मभर मिशनच्या शाळेत मराठी शिकवलं आणि नारायण पेठेत भाड्याच्या खोलीत राहिले, त्यामुळे प्रार्थना मिशनची आणि जीभ पेठेची, असं ते मिश्रण झालंय. रणपिसे बाई म्हणतात मला. लग्न केलं नाही. भाऊ गेला, भावजय गेली. तेव्हा ह्या आश्रमात मी हक्कानं आले, कारण इथला नियमच तसा आहे: ज्याला पोटचं कोणी नाही, त्यालाच जागा. इथे कोणी पैसे भरत नाही. मुलं असलेल्यांनी मुलांकडे राहावं, असं संस्थेचं म्हणणं आहे आणि ते मला पटतं.

माझ्या खोलीत दुसऱ्या कॉटवर गोदाबाई साळवे असतात. नगरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं आयाचं काम केलं. रक्त, पू, बेडपॅन, मेलेल्यांच्या अंघोळी, सगळं. किती जणांचे पाय धुतले असतील त्याचा त्यांनाही पत्ता नाही. त्याला कोणी सेवा म्हटलं नाही आणि फोटो तर नाहीच काढला. अजूनही सकाळी उठून त्या शेजारच्या खोलीतल्या आंधळ्या मुक्ताईंची वेणी घालतात, त्यांना संडासात नेऊन आणतात, आणि चंपा आली की गपचूप बाजूला होतात. "तिची नोकरी हाय, बाई. आपन मधी कशाला?" म्हणतात.

अशा बाईचं एक वागणं मला सुरुवातीपासून खटकत होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचे पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला येतात. म्हाताऱ्यांना उठून पुढे जाणं जमत नाही, म्हणून भाकरीच्या तुकड्यांचं तबक रांगेतून हातोहात फिरतं आणि मागून द्राक्षारसाचे छोटे पेले. ज्यानं त्यानं आपला तुकडा उचलायचा आणि तबक शेजारच्याला द्यायचं. गोदाबाई तबक घेत, क्षणभर मांडीवर धरत आणि तुकडा न उचलता माझ्याकडे देत. पहिल्या वेळी मी विचारलं तर म्हणाल्या, "पोट बिघडलंय." मी मान्य केलं. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नेमानं कोणाचं पोट बिघडत नाही. शेवटी एका दुपारी मेथी निवडताना मी त्यांना धरलं.

"गोदाबाई, खरं सांगा. भाकर का घेत नाही तुम्ही?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मला मुलगा हाय, बाई."

त्या दुपारी सगळं बाहेर आलं. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांना मूल नव्हतं. देवापुढे रडून मागून घेतला, म्हणून बायबलमधल्या हन्नेच्या मुलाचं नाव ठेवलं, शमुवेल. तो शिकला, हिंजवडीत कंप्युटरच्या कंपनीत लागला. तिथे त्याला सॅम म्हणतात. वडील वारल्यावर त्यानं आईला वाकडच्या फ्लॅटवर आणलं; तिथे सून आणि लहान नातू. सून श्रद्धा वाईट नाही, हे गोदाबाई आवर्जून सांगतात. फक्त घरी पाहुणे आले की सासूबाई आतल्या खोलीत असलेल्या बऱ्या, असं तिला वाटे. कारण बाहेर आल्या की ह्या दवाखान्यातल्या गोष्टी सांगत आणि पाहुण्यांच्या पायावर सूज दिसली तर वाकून बोटानं दाबून बघत. मग मोठ्या घराचं ठरलं. ताबा मिळेपर्यंत सहा महिने आईची कुठेतरी सोय करायची म्हणून शमुवेल तिला इथे घेऊन आला. ख्रिस्ती माणसांत राहशील, म्हणाला. फुकटात राहशील, हे बोलला नाही. इथला नियम त्याला माहीत होता, म्हणून आमच्या अधीक्षिका शर्मिला मॅडमना त्यानं सांगितलं, मी ह्यांचा शेजारी. आईला काय बोलायचं ते गाडीत शिकवून आणलं होतं. मॅडमनी विचारलं, "आजी, तुम्हाला कोणी आहे?" आणि गोदाबाई म्हणाल्या, "मला कोणी न्हाई."

त्या सहा महिन्यांचं आता तिसरं वर्ष चालू आहे.

"ज्या तोंडानं खोटं बोलून जागा घेतली, त्याच तोंडानं परभूची भाकर कशी घेऊ?" गोदाबाई म्हणाल्या.

"मग सांगून टाका पाळकसाहेबांना."

"त्याचं नाव जाईल. आन माझी जागाबी."

"जागा गेली तर नेईल की घरी. मुलगा आहे ना?"

त्यांनी मेथीची दुसरी जुडी पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, "न्यायला आला की आदी मॅडमची माफी मागीन, खरं काय ते सांगीन. मग त्याच्या मंडळीत जाईन आन त्याच्या शेजारी बसून भाकर घेईन. तवर नगं."

मला ह्या सोशिकपणाचा संताप येतो. पाप करायचं मुलानं आणि उपास काढायचा आईनं, हा कुठला न्याय? पण बोलून उपयोग नव्हता. त्या बाईची एकच आस होती: मुलानं चारचौघांत आई म्हणून घरी न्यावं आणि हातावर भाकरीचा तुकडा पडावा. दुसरं काही मागणंच नव्हतं तिचं.

गोदाबाईंकडे फोन नाही. शमुवेलचा फोन माझ्या मोबाईलवर येतो. तो मला काकू म्हणतो आणि मी त्याला काहीच म्हणत नाही, फोन सरळ गोदाबाईंच्या हातात देते. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी त्याचा फोन आला. "आई, ईस्टरला घरी नेतो. ह्या वेळी नक्की." गोदाबाईंनी ट्रंकेतून पांढरी साडी काढली, नीट घडी घालून गादीखाली इस्त्रीला ठेवली. त्या आठवड्यात त्यांनी मुक्ताईंच्या दोन वेण्या घातल्या, वर चंपानं आणलेला मोगराही माळला.

आणि मग शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीचा तो गुरुवार आला.

तिसरी मंडळी. मोठी एसी बस, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट, पाठीवर छापलेलं "सेवक". नवेकोरे टब, नवेकोरे टॉवेल, गिटार, आणि मोबाईल लावायला तीन पायांचा स्टँड. पास्टर कोवळा, दाढी कोरलेला. त्यानं माइक हातात घेतला.

"प्रेज द लॉर्ड, आजी-आजोबा! आम्ही ॲक्च्युअली दुसऱ्या ओल्ड एज होमला जाणार होतो. पण तिथे आधीच दुसरं चर्च बुक्ड होतं. सकाळी बसमध्ये बसल्यावर कळलं, लोकेशन चेंज. तेव्हा मी म्हटलं, धिस इज गॉड्स प्लॅन!"

देवाचा तो प्लॅन बसमधून सगळ्यात शेवटी उतरला. हातात टॉवेलांचा गठ्ठा होता आणि कानाला फोन. हिंजवडीपासून बहुधा झोपत नाहीतर फोनवर बोलत आला असावा, कुठे चाललोय ते न बघता. मी त्याला आधी एकदाच पाहिलं होतं, पण माझ्या मनगटावर गोदाबाईंची बोटं आवळली तेव्हा ओळख पटली.

"बाई, आला," त्या कुजबुजल्या. "ईस्टरची वाटबी न्हाई बघितली लेकरानं."

त्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागल्या. चेहरा असा फुलला होता की मला बघवेना. तेवढ्यात शमुवेलनं वर पाहिलं. आश्रमाची पाटी, व्हरांडा, आई. त्याचा रंगच उडाला. फोन खाली आला आणि त्यानं मान हलवली, अगदी थोडी, डावीकडून उजवीकडे. दुसऱ्या कोणाला ती दिसलीही नसती. गोदाबाई अर्ध्यावरून पुन्हा खाली बसल्या.

एवढ्यावर निभावलं असतं. तो दुसऱ्या टोकाला कोणा म्हाताऱ्याचे पाय धुवून निघून गेला असता आणि गोदाबाईंनी त्यालाही काहीतरी कारण शोधलं असतं. पण शर्मिला मॅडमची नजर तीक्ष्ण, आणि मन साफ. त्या लांबूनच ओरडल्या, "अहो, तुम्ही! गोदाबाई, बघा कोण आलंय. तुमचे शेजारी!"

पास्टर लगेच वळला. "सॅम, यू नो हर?"

"हो... म्हणजे, शेजारी," शमुवेल म्हणाला. "पूर्वी शेजारी राहायच्या."

"वॉव! आणि तू आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीस? मग ह्यांचे पाय तूच धुवायचे, ब्रदर. शेजाऱ्यावर प्रेम, एकदम प्रॅक्टिकल!" त्यानं स्टँडवाल्या मुलीला खूण केली. ती मोबाईल घेऊन आमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

शमुवेल गुडघ्यांवर बसला. गोदाबाईंनी पाय मागे घेतला, मग आपणच पुढे केला. त्यानं टाच हातात धरली, पाणी घातलं. माझ्या पुढ्यातही एक मुलगी बसली होती, ती माझ्या कुरुपापाशी काय करत होती ते मी पाहिलंच नाही. मी फक्त त्याच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत होते. मध्यभागी टक्कल पडायला लागलंय त्याला. गोदाबाईही तिकडेच बघत होत्या. त्यांचा एक हात उचलला गेला आणि पुन्हा मांडीवर आला.

माझं डोकं तापलं. मी आवाज गोड केला. माझा आवाज गोड झाला की वर्गातली पोरं श्वास रोखून बसायची.

"काय हो सॅम," मी विचारलं, "आई आहेत का तुमच्या?"

मला वाटलं होतं, आता तरी. पाय हातात आहे, पाणी वाहतंय, ओठांवर देवाचं नाव आहे. आता लाज वाटेल, रडू फुटेल आणि हा म्हणेल, हीच माझी आई. इतका विश्वास माझा माणसांवर होता, हे माझं मलाच नवल वाटतं.

त्यानं मान वर केली. माझ्याकडे नाही पाहिलं, आईकडे नाही पाहिलं. मोबाईलकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "आई नाही. गेली."

"ओ ब्रदर!" पास्टर कळवळला. "कधी? तू तर म्हणायचास गावी असते."

"झाली... दोन-तीन वर्षं."

बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर, अशी आपल्याकडे म्हण आहे. मी त्याला आई दाखव म्हणाले, त्यानं श्राद्ध उरकून टाकलं.

बोलल्या त्या गोदाबाई. आवाज शांत होता, परक्या माणसाशी बोलावा तसा.

"परभू इसावा देवो तिला," त्या म्हणाल्या. "लई राबली आसंल."

मग मात्र तो रडायला लागला. नाटकी नाही, खरंखुरं, नाक गळेपर्यंत. स्टँडवाली मुलगी आणखी जवळ सरकली. पास्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लेट इट आउट, सॅम. ह्या आजींमध्ये तुझ्या आईला बघ." मागे गिटार वाजायला लागली. सगळ्यांनी डोळे मिटले, कित्येक जण स्फुंदत होते. एवढी हृदयस्पर्शी सेवा त्या मंडळीत आजवर झाली नव्हती म्हणे.

रडत रडत त्यानं आईचे पाय पुसले. बाकीची पोरं-पोरी वरवर टॉवेल फिरवून मोकळी होत होती. ह्यानं एकेक बोट वेगळं करून बेचक्या कोरड्या केल्या. ओल राहिली की चिखल्या होतात, हे दवाखान्यातल्या आयाच्या मुलालाच माहीत असणार. तेवढं तो विसरला नव्हता. गोदाबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

जाताना त्यांनी आम्हाला केक आणि बिर्याणीची पाकिटं दिली. गोदाबाईंनी आपलं मुक्ताईंना भरवलं.

शुभ शुक्रवारी सकाळी त्यांनी मुक्ताईंची वेणी नेहमीसारखी घातली. दुपारच्या उपासनेत वधस्तंभावरची वचनं वाचून झाली, लोक उठले, आम्ही खोलीत आलो. तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तुमी का इचारलं, बाई?"

"राग आला म्हणून."

"राग तुमाला आला," त्या म्हणाल्या, "आन मरावं मला लागलं."

मी पाण्याचा तांब्या भरून त्यांच्या कॉटपाशी ठेवला.

शनिवारी दुपारी त्याचा फोन आला.

"काकू, आईला द्या ना."

"तुमची आई वारली असं ऐकलं परवा," मी म्हणाले.

गोदाबाईंनी फोन मागितला नाही, कॉटवर बसूनच म्हणाल्या, "आवाज मोटा करा." मी स्पीकर लावला.

"आई, चुकलं माझं," शमुवेल म्हणाला. "दोन दिवस मी जेवलो नाहीये. तिथे एकदम मॅडम, कॅमेरा... खरं बोललो असतो तर तुझी जागा गेली असती. मी देवाची माफी मागितली, आई. खरंच, गुडघ्यांवर बसून मागितली."

"बरं केलं," गोदाबाई म्हणाल्या.

"उद्या येतोय मी. दहा वाजता गाडी घेऊन. श्रद्धाशी पण बोललोय. घरी नेतो तुला."

गोदाबाईंचा हात गादीखाली गेला. साडी तिथेच होती. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं की शिष्य असून पेत्रानंही प्रभूला नाकारलं होतं आणि बाहेर जाऊन रडला होता. माणूस बदलतो. आपणच वाईट जिभेचे, आपल्याला चांगलं बघवत नाही.

"मंडळीतली मानसं बी आसतील का उद्या?" गोदाबाईंनी विचारलं.

"हो, दुपारी सगळे जेवायलाच आहेत आपल्याकडे. पास्टर पण. म्हणून आई, जरा समजून घे. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. लोक मेसेज करतायत मला, कंडोलन्सचे. आता एकदम आई म्हटलं तर... सध्या आपण मावशी म्हणू. गावाकडची मावशी. तुला काय फरक पडतो? घरीच तर येतेयस. पुढे हळूहळू मी सांगतोच सगळ्यांना."

मी फोनकडे झेपावले. गोदाबाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"शमू," त्या म्हणाल्या, "तू जेव आदी. दोन दिस उपाशी र्‍हाऊ नगं."

"आई, उद्या दहाला तयार राहशील ना?"

"मावशीला नगं नेऊ, बाळा. मावशी हितं सुखात हाय."

फोन बंद कुठे करायचा ते त्यांना कळेना. मी केला. बाहेर चंपा धुणं वाळत घालत होती. मग मलाच राहवेना. "जायचं होतं, गोदाबाई," मी म्हणाले. "नातू तरी दिसला असता."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "नातू मला वळखतो, बाई. सगळ्यांम्होरं आज्जी म्हनून पळत आला आसता, तर त्याला दटावून गप करावं लागलं आसतं. शमूला मीच शिकवलं खोटं, गाडीत बसून त्याचं ऐकलं तवाच. आता त्याच्या लेकराला बी शिकवू व्हय?"

ईस्टरच्या सकाळी त्यांनी ती पांढरी साडी नेसली. पुनरुत्थानाचा सण म्हणून सभागृहात रंगीत कागदाच्या पताका लावल्या होत्या. पाळकसाहेब आले. त्यांचा आवाज थकलेला असतो, पण ते प्रत्येकाचं नाव घेऊन विचारपूस करतात. प्रभुभोजनाच्या आधी ते नेहमी एकच गोष्ट सांगतात, तशी ह्या वेळीही सांगितली: मनात खोटेपणा असेल, कोणाविषयी वैर असेल, तर आधी ते बाजूला ठेवा आणि मगच हात पुढे करा. मग तबक फिरायला लागलं. माझ्या पिशवीत फोन थरथरला. दहा वाजले होते की काय, कोण जाणे. मी तो बंद करून टाकला.

तबक गोदाबाईंकडे आलं. त्यांनी ते नेहमीसारखं मांडीवर धरलं. मी हात पुढे करून तयारच होते. पण त्यांनी एक तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात घातला.

"मॅडमना सांगितलंत खरं?" मी कुजबुजले.

"काय सांगायचं?"

"जे खोटं सांगितलं होतं ते."

त्यांनी सावकाश तुकडा गिळला. "मी म्हनले हुते, मला कोणी न्हाई. तवा ते खोटं हुतं, म्हनून घेत नव्हते," त्या म्हणाल्या. "आता कुठं खोटं हाय, बाई?"

"आणि त्याला माफ केलंत?"

"ते कवाच केलं. माफ केल्यानं पोरगा माघारी येतो व्हय?"

एवढं बोलून त्यांनी तबक माझ्या हातात दिलं. डोळे कोरडे होते. दोन वर्षांहून जास्त काळ जिच्यासाठी ही बाई झुरली ती भाकर तिला मिळाली होती आणि मला त्यात सणासारखं काहीच दिसत नव्हतं.

तबक माझ्या मांडीवर होतं. लहानपणी दृढीकरण होऊन भाकर घ्यायचा हक्क मिळाला तेव्हापासून मी ते कधीच तसंच पुढे दिलेलं नव्हतं. आजारपणात घेतलं, भाऊ गेला त्या रविवारीही घेतलं. आता मला समोर ते टक्कल पडत चाललेलं डोकं दिसत होतं, कॅमेऱ्याकडे वळलेले डोळे दिसत होते, आणि माझा स्वतःचा तो गोड आवाज ऐकू येत होता. माझ्या मनातलं वैर कुठे ठेवायचं तेच मला कळेना. ठेवायची इच्छाही नव्हती.

मी तबक शेजारी मुक्ताईंच्या हातात दिलं आणि त्यांची बोटं तुकड्यांवर टेकवली.

"घ्या की, बाई," गोदाबाई हळूच म्हणाल्या. "तुमचं काय आडलंय?"

"पोट बिघडलंय," मी म्हणाले.